सुभेदारांची सही

पलटणीतून पेन्शनीत निघालेले आमचे सुभेदार ठाण्यातल्या प्रत्येक सभेला हजर असत. खुर्चीवर ते बसत कसले, पहाराच देत. वक्ता लांबला, की त्यांच्या तोंडून नकळत "हाल्ट!" निघे आणि बोलणारा खरोखरच थांबे. मी सभेचा चिटणीस असूनही हे मला कधी जमलं नाही. माझ्या सांगण्यावरून घरातलं मांजरदेखील थांबत नसे.

एकदा विलायतेला धाडायचा अर्ज तयार झाला. देशी माणसालाही पलटणीत गोऱ्या साहेबाच्या बरोबरीची जागा मिळावी, ही मागणी सुभेदारांचीच. सह्यांची वेळ आली, तेव्हा कल्याणहून आलेल्या वकिलांना एकदम घरची कामं आठवली.

मी हळूच म्हटलं, "सुभेदार, तुम्ही राहू द्या. सरकारनं पेन्शन बंद केली तर खाणार काय?"

"अहो चिटणीस, काल मिसरूड फुटलेल्या साहेबांना मी जन्मभर सलाम ठोकले. तेव्हा गप्प राहिलो, कारण तसा हुकूम होता. आता कुणाचा हुकूम आहे?"

त्यांनी ठसठशीत सही केली. खाली हुद्दा, पलटण आणि पेन्शनचा नंबरही लिहिला.

"नंबर कशाला?"

"सरकारला शोधायला त्रास नको."

मग त्यांनी दौत माझ्याकडे सरकवली. सही मीही केली. पण इतकी गिचमिड, की ती कुणाची, हे विलायतेत अजून कुणाला कळलं नसावं.