मोडली तरी चालणारी अट

फळ्यावर माझी मांडणी अर्धीच झाली होती. पुण्याहून आलेल्या साहेबांनी डस्टर उचललं आणि मार्कर माझ्या हातात असतानाच सगळं पुसलं. म्हणाले, "ताई, तुम्ही फक्त गावांची नावं भरा. डोकं आम्ही लावतो."

खोली हसली. मीही हसले. ते हसू अजून डाचतं.

मी कचेरीत कंत्राटी संगणक ऑपरेटर. एमसीए नोकरी करत केलं. घाटाखाली विहिरी तळाला गेल्या होत्या. कोणता टँकर कुठे, कोणत्या क्रमाने, किती खेपा, ते ठरवायचं होतं. अटी ढीगभर. साहेबांचा प्रोग्राम सगळे पर्याय एकदम तपासायला गेला. दोन दिवस फिरला, उत्तर नाही.

मी दोन पद्धती जोडल्या. पहिलीने जवळजवळची गावं धरून झटपट कच्चा आराखडा. मग त्यातली चार-पाच गावं उचलायची आणि तेवढाच तुकडा दुसरीने काटेकोर सोडवायचा. सुधारला तर ठेवायचा. मग पुढचा तुकडा. अर्ध्या तासात आराखडा उभा राहिला. साहेबांनी तो स्वतःचा म्हणून वर दाखवला.

चौथ्या दिवशी नाल्याकाठच्या आमच्या वस्तीवरून जावेचा फोन आला. "टँकर तूच लावून राह्यली ना वो? मंग आपल्या वस्तीत काऊन नाही आला तीन दिस? का कचेरीत बसून वस्ती इसरली?"

फाइल उघडली. अटींच्या दोन याद्या असतात. एक कधीच न मोडायच्या अटींची. दुसरी मोडल्या तरी चालतील अशांची, त्यांना फक्त दंडाचे गुण; जिचा दंड कमी, ती आधी मोडली जाते. प्रत्येक वस्तीला रोज पाणी, ही अट मी पहिल्या यादीत घातली होती. आमच्या एकट्या वस्तीची दुसरीत सरकवलेली. सगळ्यात कमी दंडावर. बदल साहेबांच्या नावाने, मी आराखडा काढला त्याच्या आदल्या रात्रीचा. खेपा कमी पडल्या की माझीच पद्धत, इमानदारीने, रोज आमची खेप गाळत होती.

साहेबांना विचारलं. त्यांनी मानही वर केली नाही. "तिथून कोणी तक्रार घेऊन येत नाही. त्या लोकांना सवय असते."

त्या लोकांना. मी समोर उभी होते.

अट परत वर, पहिल्या यादीत नेली. प्रोग्राम चालवला. पडद्यावर उत्तर आलं: आराखडा शक्य नाही. खेपांची बेरीजच बसत नव्हती, एक टँकर कमी होता. हे पहिल्या दिवसापासून खरं होतं.

"पूर्वीसारखं करा," साहेब म्हणाले.

"नाही करत. टँकर मागवा."

"तुमचं कंत्राट जूनमध्ये संपतंय, ना?"

"हो."

दोन्ही याद्या छापून मी वस्तीवर नेल्या आणि जावेच्या अंगणात बायांना समजावून सांगितल्या. उद्या कचेरी उघडायच्या आधी आम्ही दारात असू. कंत्राट जाईल, जाऊ दे. पुन्हा कोणी ती ओळ खाली नेली, तर मी ती चौकात उभी राहून वाचेन. नेणाऱ्याच्या नावासकट.