मोहाच्या मुलखात आलं-ओव्याचं सरबत

चांदा स्टेशनवर उतरलो तेव्हा माझ्या ट्रंकेत कपडे कमी आणि बाटल्या जास्त होत्या. घाबरू नका. बाटल्यांत आलं, ओवा, चिंच आणि काळं मीठ यांचा अर्क होता. आमच्या दारूबंदी मंडळाच्या पत्रकात त्याला 'क्षुधावर्धक पेय' म्हटलं आहे, आणि ते पत्रक मीच लिहिलं आहे. जेवणाआधी माणसाच्या घशाला काहीतरी झणझणीत लागतं. ते आपण द्या, दारू सुटेल. इतकं सोपं आहे. निदान पुण्याहून निघताना होतं.

छोट्या गाडीने जंगलातून मूल गावापर्यंत गेलो. पुढे बैलगाडी, मग डोंग्यातून (ओंडका कोरून केलेली होडी) वैनगंगा. डोंगा कलला आणि दोन बाटल्या नदीत गेल्या. नावाडी म्हणाला, "मासोळ्याईले भूक लागन आता." मला हसू आलं नाही.

चामोर्शीला लच्चूभाऊ थांबले होते. गेल्या हिवाळ्यात माझ्या शिबिरात त्यांनी आणि त्यांच्या चार भाऊबंदांनी 'दारूला हात लावणार नाही' अशी शपथ घेतली होती. आता त्यांच्या मुलाची सोयरीक पक्की करायला हे पाचजण आणि मी असे जंगलातल्या एका गोंड गावी निघालो. रिवाज असा की सोयरीक असो वा लग्न, वरपक्षाने मुलीच्या अंगणात मोहाची दारू आधी पूर्वजांसाठी जमिनीवर ओतायची, मग सगळ्यांनी प्यायची, मग जेवण. ओतल्याशिवाय सोयरीक नाही.

"दारूच्या जागी हे ओता. झालं!" मी म्हटलं.

"पाहू," लच्चूभाऊ म्हणाले. त्यांचा चेहरा उतरलेला होता. मुलगी त्यांच्या पोराने बाजारात पाहून पसंत केली होती, आणि तिला दुसऱ्या घरूनही मागणी आली होती.

मुलीच्या अंगणात पोचताच पळसाच्या द्रोणांतून मी सरबत वाटलं. सगळे गटागटा प्यायले. मुलीच्या आत्याने, सोमीबाईंनी, द्रोण पुन्हा पुढे केला. आतून कोंबडीच्या रश्शाचा वास येत होता. सगळं जमलं असं वाटून मी उरलेलं सरबत जमिनीवर ओतायला उचललं, तोच सोमीबाईंनी माझं मनगट धरलं.

"चांगलं आहे, भाऊ. खोकल्याले चांगलं आहे."

"मग ओतू द्या!"

"माहा बाप मोहाच्या वासावर येते. तुह्या या पान्यावर कसा येईन? सीदा पुन्याले जाईन!"

अंगण हसलं. मी संतापून अंधश्रद्धेवरचं आमचं पत्रक तोंडपाठ म्हणून दाखवलं. बाईंनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि लच्चूभाऊंना विचारलं, "मंग? सोयरीक करून राह्यला का नाई?"

दारूचं मडकं घरात तयार होतं. ओतायची मात्र वरपक्षानेच, आणि पाचही जणांचे हात शपथेत अडकलेले.

"मोड शपथ," मुलीचा बाप म्हणाला.

"मोडली तं तुही पोरगी कोनाच्या शब्दावर माह्या घरी येईन?" लच्चूभाऊ म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "भाऊ, तुमी आमच्यासंगच आले ना? तुमी ओता."

"मी? मी प्रचारक आहे!"

"पन शपथ घेतली का तुमी?"

मी गावोगाव लोकांना शपथ दिली होती. स्वतः घ्यायचं सुचलंच नव्हतं. मी पीतच नाही, मग घेऊ कशाला?

"नाई घेतली," सोमीबाई म्हणाल्या. "तोंडावरच दिसते."

कुडाच्या भिंतीमागे मुलीच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. लच्चूभाऊ माझ्याकडे पाहतच नव्हते. मी मडकं उचललं आणि ओतलं. जमिनीतून मोहाचा उग्र गोड वास उठला. उंबऱ्यात आलेल्या माणसाला 'ये, बस' म्हणावं तशा सुरात सोमीबाई तिथे गोंडीत काहीतरी बोलल्या. सोयरीक झाली. पाहुणे पीत नाहीत म्हणून मुलीकडच्यांनीही दारू घेतली नाही. त्यांनी सरबतच मागितलं.

परतीच्या गाडीत मी स्वतःवर चिडून बसलो होतो. त्या अंगणात एकही जिवंत माणूस दारू प्याला नाही. मेलेले प्याले, आणि पाजली मी! मंडळात हे यश म्हणून सांगायचं की अपराध म्हणून, मला खरंच कळत नाही. पुण्याला पोचताच पहिली शपथ आपण घ्यायची, असं गावातून निघतानाच तावातावाने ठरवलं होतं. पण नदीकाठी निरोप देताना लच्चूभाऊंनी माझे दोन्ही हात धरले होते.

"उन्हाळ्यात लगन आहे, भाऊ. तवरी शपथ नोका घेऊ."

अजून घेतलेली नाही.