त्यायचं नाव

अनोळखी नंबरावरून फोन आला की आजही माझे कान तापतात. राग पलीकडच्याचा येत नाही, माझाच येतो.

बीटी कपाशीला अळी लागत नाही असं ऐकून सगळ्यांनी तीच लावली होती, आणि त्या साली गुलाबी बोंडअळीनं वरवट बकालकडची शिवारंच्या शिवारं आतून पोखरली. वरून झाड हिरवंगार, बोंड फोडलं की आत अळी आणि किडका कापूस. आमच्याही वावराचा पंचनामा झाला. वावर सासूबाईंच्या नावावर, म्हणून सरकारी मदतही त्यांच्याच खात्यात यायची होती. घरातले सगळे त्या मदतीकडे डोळे लावून बसले होते.

एका दुपारी सासूबाईंचा फोन वाजला. मी भाकरी थापत होते. त्या जरा वेळ बोलल्या आणि फोन पदरात झाकून माझ्याकडे आल्या.

"तूच बोल व माय. थो त्यायचं नाव इचारून राह्यला."

'त्यायचं' म्हणजे माझ्या सासऱ्यांचं. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण लग्नातल्या उखाण्यानंतर सासूबाईंनी ते नाव तोंडातून काढलं नव्हतं. रेशन दुकानात कुणी विचारलं तर शेजारणीला कोपर मारायच्या. त्याच नावाच्या भाच्याला 'लहान्या' म्हणायच्या. मी त्यावरून त्यांची भरपूर थट्टा करायचे. मी शेगावची, कॉलेज केलेली, नवऱ्याला नावानं हाक मारणारी. मला स्वतःचं फार कौतुक होतं.

"आई, नाव घेतलं म्हणून ते काही ऐकायला येणार नाहीत," असं म्हणत मी पिठाच्या हातानंच फोन घेतला.

पलीकडचा माणूस फार गोड, अगदी पुस्तकातली मराठी बोलत होता. बोंडअळीची मदत मंजूर आहे, फक्त खात्याची खात्री पटवायची राहिलीय, आज झालं नाही तर परत जाईल. इथल्या कचेऱ्यांत आमच्यावर सगळे खेकसतात, आणि हा मला 'ताई, कृपया' म्हणत होता. मी विरघळले. सासऱ्यांचं नाव सांगितलं, आधारचा नंबर सांगितला, जन्मतारीख सांगितली. फोनवर आकडे आले तेही वाचून दाखवले. वर मीच धन्यवाद म्हणाले!

संध्याकाळपर्यंत खातं रिकामं झालं. दुसऱ्या दिवशी बँकेत कळलं, की खात्याला दुसराच मोबाइल नंबर जोडला गेलाय आणि कुणी एक बाई फोनवर सासूबाई बनून बोलतेय. खातं लगेच थांबवलं तर निदान येणारी मदत वाचणार होती. पण त्यासाठी खऱ्या सासूबाई याच, हे आधी पटवायला हवं होतं. मशीन त्यांचा अंगठा घेईना. जन्मभर निंदून, कापूस वेचून बोटांवरच्या रेषाच झिजल्या होत्या. मग क्लार्कनं प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"पतीचं नाव?"

मी तोंड उघडलं.

"तुम्ही नाही मॅडम. खातेदारानं स्वतः सांगायचं. घरच्यांनीच फसवलं, अशाही केसेस येतात."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मागे रांग होती, रांगेत आमच्याच गावची माणसं होती. सासूबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि नाव घेतलं. क्लार्कला ऐकू गेलं नाही.

"आजी, मोठ्यानं बोला."

त्यांनी पुन्हा घेतलं. मोठ्यानं, आडनावासकट. मागे कुणीतरी हसलं. जे नाव मी एका चोराला हसत हसत देऊन टाकलं होतं, ते त्यांना भरल्या बँकेत दोनदा घ्यावं लागलं. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

खातं थांबलं, मदत वाचली. परतताना एसटीत त्या खिडकीशी बसल्या. मी म्हटलं, "आई, चुकलं माझं."

"जाऊ दे व. पैशाचं काय," त्या म्हणाल्या. गाव जवळ आल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "त्यायले आयकू गेलं असन काय?"

ते काही ऐकायला येणार नाहीत, हे मीच त्यांना सांगितलं होतं. त्या दिवशी मला ते पुन्हा म्हणवलं नाही.