दोरीवरचा पिवळा कुडता

मी कॉलेजात आंतरराष्ट्रीय संबंध शिकवते. युद्धाच्या कथेत बायका कुठे असतात, हा माझा वर्गातला आवडता प्रश्न. मुलं तो वहीत उतरवून घेतात आणि पुन्हा रणगाड्यांकडे वळतात.

गारखेड्यातल्या आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक काकू राहतात, मूळच्या देवगाव रंगारीच्या. त्यांची मुलगी आखातात नर्स आहे. तिकडे लढाई पेटल्यापासून तिचा फोन लागत नाही, म्हणून काकू संध्याकाळी माझ्याकडे बातम्या बघायला येतात. मांडीवर मेथीची जुडी असते. ‘आवाज बंदच ठेवा मॅडम, बाप्ये लई बोलतात,’ म्हणतात. मुलीच्या शहराचं दृश्य आलं की त्यांचा हात थांबतो. नजर रणगाड्यावरून सरकून मागच्या गॅलऱ्यांवर जाते.

‘दोऱ्यांवर कपडे हायेत. म्हंजी बाया हायेत घरात.’ मग त्या पुन्हा मेथी निवडायला लागतात.

परवा त्याच गॅलऱ्या दिसल्या, पण सगळ्या दोऱ्या रिकाम्या होत्या. काकू अर्धवट निवडलेली मेथी उचलून खाली गेल्या.

काल सकाळी पाहिलं तर त्यांच्या दोरीवर मुलीचा पिवळा कुडता निथळत होता. आजही तोच, तसाच ओला.

‘परत धुतला, काकू?’

‘व्हय. वाळला की धुते.’ त्यांनी कुडत्याची बाही सरळ केली. ‘रस्त्यानं जाणाऱ्याला वाटू दे, पोरगी घरात हाय.’