किल्ली मुद्देमालाच्या कपाटात होती

भूतबित मी मानत नाही. पंचनाम्याच्या कागदावर भुतासाठी रकाना नसतो, आणि जिथे रकाना नाही तिथे पोलिसाने डोकं घालू नये, असं माझं आपलं साधं मत. तरीही कोणी ‘साहेब, एखादी केस सांगा की’ म्हणालं, तर खून-दरोडे बाजूला राहतात आणि थंडीतली एक सकाळ आठवते. हजेरीला उभे असलेले माझे लोक आठवतात, आणि ठाण्याच्या आवारात आपोआप धडधडायला लागलेला ट्रॅक्टर.  नावं कोणाचीच देणार नाही, कारण ती माणसं अजून तिथेच राहतात.

पुण्यात विश्रांतवाडीच्या पुढच्या भागातल्या एका ठाण्यात मी निरीक्षक होतो. हद्दीत शहरात गिळली गेलेली दोन-तीन गावं होती. एका बाजूला वीस मजली सोसायट्या, दुसऱ्या बाजूला मेथीचे वाफे, आणि मधल्या रस्त्यावर दोन्हीकडची भांडणं. अशाच एका गावात दोन भाऊ एकत्र राहायचे. थोरला लग्न झालेला, धाकटा तिशीतला, बिनलग्नाचा. बरीचशी शेती प्लॉटिंगमध्ये गेली होती. ट्रॅक्टर मात्र ठेवला होता. दिवसा तो खराडीकडच्या सोसायट्यांना पाण्याचे टँकर ओढायचा आणि सवड मिळाली की उरलेला तुकडा नांगरायचा.

एका सकाळी ठाण्यात फोन आला. थोरला भाऊ शेडमध्ये मरून पडला होता. ट्रॅक्टरचं नाक आणि मागची भिंत यांच्यामध्ये तो चिरडला गेला होता. चाकापाशी फुटलेला नारळ, सांडलेलं पाणी, कुंकू. उजव्या मुठीत लिंबू. मूठ इतकी घट्ट होती, की ते लिंबू शवविच्छेदनाच्या वेळीच सुटलं.

त्याच्या बायकोने सांगितलं, की ती चुलीपाशी होती. इंजिनाचा आवाज आला, मग भिंतीवर काहीतरी आदळल्याचा, मग काहीच नाही. ती धावली तेव्हा धाकटा दीर ट्रॅक्टरपाशी उभा होता, नुसता थरथरत. ट्रॅक्टरची किल्ली त्याच्याच खिशात होती. दुसरी किल्ली केव्हाच हरवली होती.

अकस्मात मृत्यूची नोंद केली. ट्रॅक्टर जप्त करून क्रेनने ठाण्यात आणला, गिअर मोकळा केला आणि आवारातल्या कडुनिंबाखाली उभा केला. किल्ली सीलबंद पाकिटात घालून मुद्देमालाच्या कपाटात गेली.

दोन-चार दिवसांनी एक गृहस्थ मला भेटायला आले. इस्त्रीचा शर्ट, बारीक हसू, हातात गाडीची किल्ली. ज्या शोरूममधून तो ट्रॅक्टर घेतला होता, तिचे हे मालक.

“माझं नाव कुठे येणार नसेल तर एक सांगतो,” ते म्हणाले. “हा अपघात वगैरे काही नाही हो. हे दोघे माझ्याकडे भांडले होते. धाकटा थोरल्याला सगळ्यांसमोर म्हणाला होता, ‘एक दिवस या ट्रॅक्टरखाली मरशील तू.’ माझ्या या कानांनी ऐकलंय.”

न बोलावता माहिती द्यायला येणाऱ्या माणसाला मी नेहमी चहा द्यायचो आणि थोडा जास्त वेळ बसवून ठेवायचो. यांनाही बसवलं. पण त्यांनी सांगितलेलं खोटं नव्हतं. शोरूममधल्या दोघांनी तेच वाक्य मला जसंच्या तसं ऐकवलं. जमिनीच्या वाटणीवरूनही भावांमध्ये कुरबुर होती. किल्ली एकच, आणि ती याच्याच खिशात. खुनाचा गुन्हा दाखल झाला आणि धाकट्याला अटक केली. जबाब घ्यायला गेलो तेव्हा थोरल्याची बायको आमच्याकडे पाठ करून म्हणाली, “त्याला या घरात परत आनू नका.” एवढंच.

चौकशीत धाकटा रडला नाही, की ओरडला नाही. तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत राहिला, आणि ती ऐकताना खोलीतला हवालदार खुर्ची भिंतीकडे सरकवत गेला.

“साहेब, आबा, म्हंजी आमचे वडील, तांबडं फुटायच्या टायमाला ट्रॅक्टर चालू करायचे. काम असो, नसो. म्हनायचे, यंत्राला बी जाग आनावी लागती. आबा वारले. मग थोड्याच दिवसांत ट्रॅक्टर बंद पडला. चालूच होईना. शोरूममधी नेला, त्यांनी दुरुस्त करून दिला. आन् एक दिवस तांबडं फुटतानाच त्यो आपसूक चालू झाला.”

“आपसूक म्हणजे?”

“म्हंजी कुनीच नव्हतं साहेब. मी बघितलंय. सीट हालत व्हती. आबा बसायचे तशी.”

“आणि मग?”

“स्टॉप ओढून बंद केला. परत आठवड्यानं तेच. वहिनी म्हनली, आबा हायेत. मी म्हनलं, वायरिंगची गडबड हाय. शोरूमला नेला तर म्हनाले वॉरंटी संपली, आता आमचा काय संबंध. मी दादाला म्हनलं, समदी वायरिंग बदल, न्हायतर एक दिवस ह्याखाली मरशील तू. त्यावरनं तिथंच वाजलं आमचं. दादा मग एकटाच शोरूमला जाऊन आला. आल्यावर म्हनला, उपाय कळला. तवापास्नं रोज पहाटं ट्रॅक्टरच्या म्होरं उभं राहून नारळ फोडायचा, लिंबू उतरवायचा. त्या दिशी आवाज ऐकून मी पळालो, तवर दादा गेला व्हता.”

मी मनात म्हटलं, बाळा, गोष्ट फक्कड रचलीस. ट्रॅक्टर आपोआप चालू होतो म्हणे! शोरूम मालकांना विचारलं तर ते हसले. “अहो, आपोआप चालू होणारा ट्रॅक्टर माझ्याकडे असता तर मी दुप्पट भावाने विकला असता. आम्ही काय, साधी सर्व्हिसिंग करून दिली.”

कोठडीची मुदत संपत आली होती. त्या दिवशी धाकट्याला कोर्टात हजर करून वाढीव कोठडी मागायची होती. सकाळची हजेरी चालू होती. आकाश नुकतं राखाडी झालं होतं, कडुनिंबाखाली दवाचे थेंब टपटपत होते. ठाणे अंमलदार एकेक नाव पुकारत होता आणि मी पायरीवर उभा होतो.

आधी एक कण्हल्यासारखा आवाज आला. मला वाटलं, रस्त्यावरची रिक्षा असेल. मग धक्का बसला, नळकांड्यातून काळ्या धुराचा लोट उसळला आणि ट्रॅक्टर चालू झाला.

पुकारायचं नाव अंमलदाराच्या तोंडातच राहिलं. रांग तशीच उभी.  सगळ्यांचे डोळे ट्रॅक्टरच्या सीटवर. सीट रिकामी होती आणि वरखाली हलत होती, एखादा जडसा माणूस बैठक सावरून बसतो ना, अगदी तशी. माझ्या हवालदाराने, ज्याने चाकूवाला गुंड एकट्याने लोळवला होता, डोक्यावरची टोपी काढली आणि हात जोडले. आतून, लॉकअपमधून, धाकट्याची हाक आली. “आबाऽ!”

खोटं कशाला बोलू? माझीही पाचावर धारण बसली होती. पण साहेबाने पळून चालत नाही. मी जवळ गेलो, धडधडत्या पत्र्याला हात लावला आणि स्टॉपची दांडी ओढली. इंजिन दोनदा आचके देऊन थांबलं. सीट त्यानंतरही थोडी हलत राहिली. स्प्रिंग होती, हलणारच. पण तेव्हा हे मला कोणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

मुद्देमालाचं कपाट उघडायला लावलं. पाकिटावरचं सील शाबूत होतं. किल्ली आत होती.

ट्रॅक्टरला कोणीही बोट लावायचं नाही, असा हुकूम काढला आणि शोरूम मालकांना बोलावून घेतलं. सकाळचा प्रकार त्यांना सांगू नका, अशी तंबी सगळ्यांना दिली होती. मालक आले तसेच, हसत. मी म्हणालो, “मुद्देमाल ओळखायचा पंचनामा आहे. ट्रॅक्टर तुम्हीच विकलेला, तेव्हा समोर उभे राहा, एक फोटो घेतो आणि सोडतो तुम्हाला.”

ते निघाले. ट्रॅक्टरपासून चार हातांवर त्यांची पावलं थांबली. हसू तसंच होतं, पण ते बाजूने वळून मागच्या चाकापाशी जाऊन उभे राहिले.

“इथूनही येईल की फोटो.”

“नंबर समोर आहे. समोर या.”

ते जागचे हलले नाहीत. मग हळूच विचारलं, “गिअरमध्ये नाही ना?”

 “किल्ली माझ्या कपाटात आहे,” मी म्हणालो. “बंद ट्रॅक्टर गिअरमध्ये असला काय, नसला काय, तुम्हाला का भीती वाटावी?”

थंडी होती, तरी त्यांच्या कपाळावर घाम आला.  खुर्चीवर बसवून पाणी दिलं, तेव्हा सगळं बाहेर आलं. ट्रॅक्टरमध्ये एक छोटा स्विच असतो. क्लच दाबल्याशिवाय तो इंजिन चालू होऊ देत नाही. तो खराब झाला होता. नवा यायला वेळ लागणार होता, वॉरंटी संपलेली, आणि थोरला टँकरसाठी घाईला आलेला. वर्कशॉपने स्विच वगळून वायर डायरेक्ट स्टार्टरला जोडून दिली. काम भागलं. पुढे दोघे भाऊ तक्रार घेऊन आले, तेव्हा आपण काय करून ठेवलंय हे यांना त्याच क्षणी कळलं होतं. पण ते कबूल केलं असतं तर वॉरंटी असो-नसो, जबाबदारी यांच्यावर आली असती.

“आणि थोरला एकटा आला होता तेव्हा?” मी विचारलं.

ते मान खाली घालून बसले. “तो म्हणाला, वडील येतात की काय असं घरात वाटतंय, काय करू? मी... चेष्टेनं म्हणालो हो. म्हटलं, भुताची दुरुस्ती आमच्याकडे होत नाही, वॉरंटीतही बसत नाही. रोज पहाटे समोर उभं राहून नारळ फोडा, वडील खूश होतील.”

जबाबात मी ते वाक्य एक अक्षर न बदलता घेतलं. लिहून घेणाऱ्या शिपायाची लेखणी मध्येच थांबली होती.

परिवहन खात्याच्या निरीक्षकांनी वायरिंग उघडून पाहिलं. डायरेक्ट जोडलेली वायर पत्र्याला घासून उघडी पडली होती. रात्रीच्या गारठ्याने ती आखडायची, ओल धरायची आणि बॅटरीकडून येणाऱ्या शेजारच्या तारेला टेकायची; मग किल्लीशिवायच स्टार्टर फिरायचा. म्हणून वेळ नेहमी पहाटेची. सगळं रीतसर पटलं. मला एकच गोष्ट आजही खुपते. ट्रॅक्टर आमच्या आवारात कित्येक दिवस उभा होता आणि दव रोज पडत होतं. तो नेमका त्याच सकाळी का चालू झाला, हे मी निरीक्षकांना विचारलं. ते म्हणाले, योगायोग. मीही अहवालात काही लिहिलं नाही.

धाकट्यावरचा खुनाचा आरोप मागे घेण्याचा अहवाल कोर्टात गेला आणि त्याची सुटका झाली. निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत ठरल्याचा गुन्हा शोरूम मालकांवर दाखल झाला. त्याचं पुढे कोर्टात काय व्हायचं ते झालं. पण धाकटा ठाण्याच्या दारातून बाहेर पडेना. “वहिनी घरात घेनार न्हाई साहेब,” म्हणाला. म्हणून मीच जीपमधून त्याला घेऊन गेलो.

वहिनी ओट्यावर उभी होती. मी तिला सगळं समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि दिराला विचारलं, “गिअरमधी कुनी लावला व्हता?”

 हा प्रश्न मला अपेक्षित होता आणि तो कोणी विचारू नये असं मला वाटत होतं. हँडब्रेक ढिला, शेडला उतार. अशा वेळी ट्रॅक्टर गिअरमध्ये टाकून उभा करायचा, ही त्या भागातली सगळ्यांचीच रीत; आधी दोनदा तो आपोआप चालू झाला तेव्हा अंगणात सपाटीवर, मोकळ्या गिअरमध्ये होता. त्या दिवशीही गिअर मोकळा असता तर ट्रॅक्टर जागच्या जागी धडधडला असता आणि माणूस वाचला असता.

“मी,” धाकटा म्हणाला.

“तुला ट्रॅक्टर शिकवला कुनी?”

“दादानं.”

“गिअरमधी टाकून लावायला बी?”

“दादानंच.”

 तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिने ते पुसलं नाही. मग म्हणाली, “हात धू. भाकरी गार व्हईल.” तो तिथेच खाली बसला आणि लहान पोरासारखा हमसून हमसून रडला.

मी निघालो तशी ती फाटकापर्यंत आली. पदर डोक्यावरून नीट घेतला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, “साहेब, एक इचारू? त्या शोरूमवाल्या सायबांना ठावं नव्हतं का, आमी खरंच तसं करू म्हनून?”

या प्रकरणाने मला काय शिकवलं असं कोणी विचारलं, तर मी हा प्रश्न सांगतो. आम्ही शहरातली माणसं टोमणा मारतो आणि विसरतो, समोरच्याला तो टोमणा आहे हे कळलं असेल असं धरून चालतो. घाबरलेल्या माणसाला ते कळत नसतं. तो उपाय शोधायला आलेला असतो आणि जे मिळेल ते खरं मानून घरी घेऊन जातो. माझीही जीभ काही गोड नव्हती. पण त्यानंतर, ठाण्यात कोणी घाबरून आला आणि काहीतरी वेड्यासारखं सांगायला लागला, तर मी त्याला खुर्ची दिली आणि तोंड बंद ठेवलं. त्या बाईला मात्र मी उत्तर दिलं नाही. ती फाटक धरून उभी राहिली, आणि मी जीपमध्ये जाऊन बसलो.