जावयाचा सूट

कुमुदताई सबनीस पाण्यात जायच्या दिवशी पावलांवर भाजीच्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवत. मग पिशव्यांसकट पाय काळ्या रबरी सुटात घालायचे, म्हणजे रबर कुठे न अडकता सरसर वर येतं. पाऊल खालून बाहेर आलं की पिशवी ओढून काढायची. एवढं सगळं त्या एकट्या करत. अडायचं ते पाठीवरच्या चेनपाशी.

आमची ओळख त्या चेनमुळेच झाली. पुण्याहून बदली होऊन आम्ही मयूर विहारच्या सोसायटीत नुकतेच राहायला आलो होतो, खोकीसुद्धा उघडली नव्हती. सकाळी बेल वाजली. माझ्या बायकोने, अनुराधाने, दार उघडलं तर समोर साठीच्या बुटक्या, गोल चेहऱ्याच्या बाई. कपाळावर टिकली, मागे अंबाडा, आणि मानेपासून पोटरीपर्यंत काळं रबर. "मी वरच्या मजल्यावरची. मराठी माणसं आलीत म्हणून कळलं, बरं वाटलं," असं म्हणून त्यांनी पाठ फिरवली. "जरा मागची चेन ओढता का?"

आमच्या आधीच्या भाडेकरूंकडेही हेच काम होतं, हे नंतर समजलं.

कुमुदताईंचं सारं आयुष्य दिल्लीत गेलं होतं. आधी यजमानांच्या नोकरीपायी आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर, ते निवृत्त झाल्यावर हा तिसऱ्या मजल्यावरचा स्वतःचा फ्लॅट. यजमान गेले, मुलगी अलका लग्न होऊन ऑस्ट्रेलियाला गेली, मुलगा नितीन गुडगावच्या एका नव्या कंपनीत लागला. कुमुदताई आणि त्यांचे गुडघे तेवढे मागे राहिले. डॉक्टरांनी पाण्यात व्यायाम करायला सांगितलं. पण दिल्लीचं पाणी दिवाळीनंतर असं गार पडतं, की बोट बुडवलं तरी कळ डोक्यात जाते. अलकाने ऐकलं आणि पुढच्या भेटीला येताना नवऱ्याचा समुद्रात घालायचा जुना सूट बॅगेत घालून आणला. जावई सहा फुटी. सुटाचे पाय गुडघ्यापासून खाली कुमुदताईंना निरुपयोगीच होते. त्यांनी ते कात्रीने कापले, तुकडे ट्रंकेत ठेवले आणि सुटाला 'जावई' म्हणायला लागल्या. "अनुराधा, जावई वाळला का गं बघ," असं त्या जिन्यातून ओरडून विचारत, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या शर्माबाई दार किलकिलं करून बघत.

त्यांना क्लबवर पोचवायचं काम माझ्याकडे आलं. नोएडात तेव्हा नवं काही ना काही रोज उघडत होतं, त्यातच हा पोहण्याच्या तलावाचा क्लब होता. माझं ऑफिस त्याच वाटेवर. सुटावर यजमानांचा ओव्हरकोट, डोक्याला मफलर, अशा त्या माझ्या स्कूटरवर मागे बसत. क्लबच्या मॅनेजरने सुरुवातीला हरकत घेतली होती, की सर्दियों में कोई नहीं आता. "अच्छा है, भीड़ नहीं होगी," असं म्हणून त्या आत गेल्या होत्या. लोक बघतात याची त्यांना कधी फिकीर नव्हती. "बघू दे की. त्यांचा पण वेळ जातो," म्हणायच्या.

मी त्यांना फाटकाशी सोडून पुढे जायचो. परतताना त्या रिक्षाने यायच्या. कसं काय झालं म्हणून विचारलं की एकच उत्तर, "मस्त. पाण्यात जाऊन आले."

त्या वर्षी दिवाळीला नितीन आला तेव्हा कुमुदताई भाजीची पिशवी घेऊन जिन्यात बसलेल्या त्याला सापडल्या. गुडघा धरला होता. नितीन मुलगा प्रेमळ, पण ऑफिसात बोलावं तसं घरीही बोलायचा. गुडगावला लिफ्ट आहे, चोवीस तास वीज आहे, तू आता शिफ्ट हो, हा फ्लॅट काढून टाकू, असं त्याने सगळं मांडलं. कुमुदताई म्हणाल्या, बिल्कुल नाही. शेवटी होळीवर तडजोड ठरली. होळीच्या दिवशी त्या तळापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत कुठेही न थांबता चढल्या, तर तो विषय बंद. नाही चढल्या, तर सामान बांधायचं.

आणि त्याच आठवड्यात सूट फाटला.

कामाला नव्याने आलेल्या बाईने तो तारेच्या हँगरला अडकवून दिवसभर उन्हात ठेवला होता. रबर आधीच क्लोरीनने कडक झालेलं. अनुराधाने आमच्या हॉलमध्ये नेहमीसारखी चेन ओढली, कुमुदताईंनी श्वास आत घेतला, आणि काखेपासून कमरेपर्यंत शिवण उसवत गेली. नुसती शिवणच नाही, बाजूचं रबरही चिरलं. अनुराधाच्या डोळ्यांत पाणी आलं. कुमुदताईंनी फटीतून आत बघितलं आणि म्हणाल्या, "जावई रागावले. चला, चहा टाक."

मी शहाणपणाने तो शाळेचे गणवेश शिवणाऱ्या मास्टरजींकडे नेला. त्यांनी हा कसला रेनकोट म्हणून विचारलं आणि मशीनवर दोनदा टीप मारून दिली. क्लबवर पहिल्याच दिवशी टाक्याटाक्यातून पाणी आत आलं, आणि पोस्टाची तिकिटं भोकांवरून फाटतात तसं रबर त्या टिपेवरून फाटत गेलं. ओव्हरकोटात कुडकुडत कुमुदताई घरी आल्या आणि चार दिवस सर्दीने झोपल्या. नितीनला कळवायचं नाही, अशी आम्हाला सक्त ताकीद होती.

बऱ्या झाल्यावर त्यांनी मार्केटातल्या बूथवरून अलकाला फोन लावला. अलका आधी हसली, मग तिने नीट समजावलं. सुई आरपार घालायची नाही. आधी चिकटवायचं. चपलांच्या तळव्यांना लावतात तसलं रबराचं सोल्यूशन दोन्ही कडांना पातळ लावायचं, पूर्ण सुकू द्यायचं, पुन्हा लावायचं, बोटाला चिकटेनासं झालं की मगच कडा एकमेकींना भिडवायच्या. एकदा भिडल्या की हलवता येत नाही. टाके घालायचेच तर वरवर, अर्ध्या जाडीतून.

हे काम आमच्या डायनिंग टेबलावर झालं. कुमुदताईंना सगळं जमायचं, फक्त थांबणं जमायचं नाही. कुकरची शिट्टी होण्याआधीच झाकणाशी उभ्या राहणारी बाई. दर मिनिटाला बोट पुढे, आणि दर मिनिटाला अनुराधा ते बाजूला करणार. शेवटी तिने त्यांना दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसायला लावलं. सोल्यूशनच्या वासाने दोघींची डोकी हलकी झाली आणि मी ऑफिसातून आलो तेव्हा थंडीत बाल्कनीचं दार सताड उघडं टाकून त्या उगाचच हसत होत्या. सुटाच्या कापलेल्या पायाचा एक तुकडा आतून ठिगळ म्हणून चिकटवला होता. वर दाब म्हणून आमचा कणकेचा डबा आणि त्यांचा वरवंट्यासकट पाटा.

त्यानंतर अनुराधाने जावयाची व्यवस्था स्वतःकडे घेतली. पाण्यातून आला की साध्या पाण्याने आंघोळ. उलटा करून सावलीत वाळवायचा. हँगर बंद, खुर्चीच्या रुंद पाठीवर कमरेत दुमडून ठेवायचा. चेनवर मेणबत्ती घासायची. आणि घालायच्या आधी कुमुदताईंनी नखं दाखवायची. आयुष्यभर शाळेत शिकवून मुलांची नखं तपासलेली बाई निमूट हात पुढे करायची. एकदा गॅसवाला सिलिंडर घेऊन आत आला आणि न्हाणीघराच्या दाराशी खुर्चीवर ओणवा पडलेला काळा, बिनडोक्याचा माणूस पाहून सिलिंडर तिथेच टाकून पळाला.

ठिगळ टिकलं. डिसेंबर, जानेवारी, धुकं असेल तर दुपारी, पण कुमुदताई जात राहिल्या.

होळीला नितीन पांढरा झब्बा घालून आला. आम्ही सगळे जिन्याशी जमलो. कुमुदताईंनी पदर खोचला आणि कठड्याला हात न लावता चढायला लागल्या. नितीन लक्ष ठेवायला शेजारून चढत होता. पहिला मजला झाला. आमच्या दारापाशी नितीनने, मोबाइल वाजला असं दाखवून, भिंतीला हात टेकला. तो वाजला नव्हता. कुमुदताई तिसऱ्या मजल्यावर पोचून कठड्यावरून वाकून म्हणाल्या, "सावकाश ये रे, घाई नाहीये." त्या दिवशी पुरणपोळ्या जेवताना गुडगावचं नाव कोणी काढलं नाही.

पुढे किती तरी वर्षं त्या त्याच घरात राहिल्या. ठिगळावर ठिगळ चढत गेलं. एका मार्चमध्ये सकाळी चहा पिऊन त्या जरा आडव्या झाल्या आणि तशाच गेल्या. कोणाला काही करायची संधीसुद्धा दिली नाही.

तेरावं झाल्यावर क्लबचं सदस्यत्व बंद करायला मी नितीनबरोबर गेलो. इतक्या वर्षांत मी फाटकाच्या आत पहिल्यांदाच पाऊल टाकत होतो. बायकांच्या बाजूला कामाला असणारी शीला पुढे आली, रडली. मी तिला म्हटलं, त्यांच्याएवढं पोहणारी बाई या वयात मी पाहिली नाही.

शीला माझ्याकडे बघत राहिली. "माताजी तैरती कहाँ थीं, साब? उन्हें तो आता ही नहीं था. पानी से डरती थीं."

छातीइतक्या पाण्यात कडेचा दांडा धरून त्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत, असं तिने सांगितलं. वर्षानुवर्षं, तेवढंच. खोल बाजूकडे बघतसुद्धा नसत.

नितीन तलावाच्या कठड्यावर बसला. मला आधी हसू आलं, मग येईना. त्याने शीलाला विचारलं, "कभी कोशिश भी नहीं की?"

"की थी ना," शीला म्हणाली. "पिछले महीने डंडा छोड़ दिया था."