बांगड्या न काढता

माझ्या लंडनवासी नातवंडांनो,

आमचा प्रवास सुरू झाला तो माझ्या सामानावरून झालेल्या भांडणाने. तुमचा डॉक्टर बाळकाका क्षयरोगाच्या पाहणीसाठी यवतमाळ जिल्ह्यात निघाला होता. गावोगावच्या बायांशी बोलायला कोणी वडीलधारी हवी, म्हणून त्याने मला सोबत घेतले. फिनेल, उकळलेले पाणी, सुई-दोरा असे सगळे नीट लावून मी जीपमध्ये त्याच्या नर्सबाईंशेजारी बसले.

"आई, आपण संसार मांडायला जात नाही," काका म्हणाला. पहिल्याच मुक्कामी त्याच्या सदऱ्याचे बटण तुटले. सुई-दोरा त्याने कोणाकडे मागितला, ते तुम्हीच ओळखा.

ढाणकीत चाक पंक्चर झाले. ते जोडता जोडता रहीमभाई मिस्त्रींनी विचारले, "माँजी, कायची तपासनी करून राह्यले?" मी सांगितले. हाताला थोडे औषध टोचायचे आणि तीन दिवसांनी तिथे गाठ येते का ते पाहायचे.

"मंग आमच्या घरी काहून नाही आले?"

"तुमच्या बायका माझ्यासमोर येत नाहीत ना," काका म्हणाला.

"तं तुमी बाहेर बसा! नर्सबाई आत जातीन."

नर्सबाई आत गेल्या आणि काका अंगणात बाजेवर बसला. तिथे मिस्त्रींच्या बकरीने त्याचा रुमाल खाल्ला. आतून गरम भाकरी नि अंबाडीची भाजी आली, तेव्हा कुठे साहेबांचा राग उतरला.

फुलसावंगीच्या पुढे, पळसांच्या झाडीत बंजाऱ्यांचा तांडा (वस्ती) आहे. बाया ओढण्या सावरत जमल्या. प्रत्येकीचे हात मनगटापासून खांद्यापर्यंत पांढऱ्या बांगड्यांनी भरलेले. टोचायला बोटभर जागा नाही.

"बांगड्या काढा," काकाने फर्मावले.

सगळ्या एकदम उठून चालू लागल्या. तांड्याच्या प्रमुखाची, म्हणजे नायकाची, बायको झुमकीबाई तेवढी थांबली, तीही मला झाडायला.

"धनी जित्ता हाय, न बांगड्या काढ म्हन्ते! तुह्या लेकाले काही शिकवलं नाही का?"

मी शहाणपणाने म्हटले, "अहो, घटकाभरच तर काढायच्या. त्याने काही होत नाही."

"मंग तू काढ पह्यले."

मुलांनो, तुमच्या आजीने इंग्रजी शाळेत अंधश्रद्धेवर निबंध लिहून बक्षीस मिळवले आहे. तरी नागपुरात खुर्चीत पेपर वाचत बसलेले तुमचे आजोबा मला डोळ्यांपुढे दिसले, आणि माझा बांगड्यांचा हात आपोआप पदराखाली गेला.

झुमकीबाई इतकी हसली की गेलेल्या बायाही परतल्या.

काकाला मात्र हसू आले नाही. "तांड्याने सहकार्य केले नाही, असे लिहू नि पुढे जाऊ." तेवढ्यात झुमकीबाईमागे घुंगटातून कोरडा खोकला आला. तो थांबेचना.

"सून हाय माही. दिवाळीपासून खोकून राह्यली," झुमकीबाई म्हणाली. तिचे हसू मावळले होते.

"बाळ, जिच्यासाठी आलास तिलाच वगळून जाणार?" मी म्हटले.

"नियम हातावर टोचायचा आहे, आई. दुसरीकडे टोचले तर सगळ्या गावांचा ताळा कसा जमायचा?"

झुमकीबाईने सुनेला वळवले आणि ओढणी बाजूला केली. बंजाऱ्यांची कांचळी (चोळी) मागून नाड्यांनी बांधलेली असते, पाठ मोकळीच. "एवढं वावर पडलं हाय अन् डाक्टरले जागा सापडत नाही!"

काकाने वहीत एक नवा रकाना आखला. मग म्हणाला, "पाठीवर टोचता येते. वेगळी नोंद करू." आणि आपणहून पाठमोरा होऊन जीपजवळ जाऊन उभा राहिला. नर्सबाईंनी सगळ्या बायांना टोचले.

तिसऱ्या दिवशी सुनेच्या पाठीवर चांगलीच गाठ होती. आम्ही तिला जीपमधून यवतमाळला नेले. वाटेत प्रत्येक खड्ड्याला तिच्या बांगड्या वाजत, आणि झुमकीबाई जीप पुरणासारखी मऊ चालव म्हणून काकाला दटावायची. एक्सरेवाल्याने सुनेच्या हाताकडे बोट दाखवून तोंड उघडले मात्र, काका ओरडला, "बांगड्या राहू द्या! हात बाजूला घेतले की छाती मोकळी होते."

घुंगटात कोणीतरी खुदकन हसले.

फुप्फुसात डाग निघाला, पण लहान. औषध सुरू झाले आहे.

नागपूरला पोचल्यावर आजोबांना मी सगळे सांगितले. त्यांनी पेपर खाली ठेवून माझ्या बांगड्या मोजल्या. तुम्हांला मात्र बजावते. तिथल्या डॉक्टरांनी बाह्या वर करा म्हटले, की निमूट करा. तुमच्यापाशी काही सबब नाही.